क्रशरची भुकटी सिमेंटमध्ये जरूर घाला, पण गोणीवर छापून

वॉश सँडच्या, म्हणजे दगड फोडून धुतलेल्या वाळूच्या, प्लांटवर सगळ्यांचे लक्ष वाळूच्या ढिगाकडे असते. गिऱ्हाईक ती मुठीत दाबून बघते, हाताला माती लागत नाही ना याची खात्री करते आणि ब्रासचा भाव ठरतो. ढिगाच्या पलीकडे गाळाचे खड्डे असतात, तिकडे कोणी फिरकत नाही. डबर आधी जॉ क्रशरमध्ये फुटतो, मग व्हीएसआय यंत्रात दगडावर दगड आपटून त्याची वाळू होते. त्या आपटण्यात दगडाचे साधारण दहा ते वीस टक्के पीठच होऊन जाते. पाण्याचे फवारे मारून हे पीठ वाळूतून धुऊन काढतात आणि राखी रंगाचे पाणी खड्ड्यात सोडतात. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळला तर कण लागत नाही. उन्हाळ्यात तो वाळतो, त्याला भेगा पडतात आणि वाऱ्याबरोबर तो शेजारच्या शेतात उडतो. पावसाळ्यात तोच गाळ ओढ्यात उतरतो. विहिरीचे पाणी गढूळ झाले, उसाच्या पानांवर थर बसला, अशा तक्रारी खडी क्रशरच्या आसपासच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतील.

सिमेंटचा काही हिस्सा काढून त्याच्या जागी हे दगडाचे पीठ घालावे, अशी कल्पना सध्या जगभर मांडली जाते. मी तिच्या बाजूचा आहे. मात्र माझी एक अट आहे आणि ती ढिली करायची माझी तयारी नाही. किती घातले, कुठल्या दगडाचे घातले आणि क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला मूळ माल, किती उरले, हे गोणीवर छापलेले असले पाहिजे. ते प्रमाण भारतीय मानक ब्युरोच्या मानकात बसले पाहिजे आणि चाचण्यांचे आकडे कोणालाही बघता आले पाहिजेत. हे होत नसेल तर गाळ खड्ड्यातच राहिलेला बरा.

मुळात सिमेंट कमी करायचे कशासाठी, ते आधी सांगतो. सिमेंटचा जीव क्लिंकरमध्ये असतो. चुनखडी आणि थोडी चिकणमाती साधारण 1450 अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकरच्या गोळ्या तयार होतात. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे 44 किलो चुकत नाहीत, कारण ते दगडातूनच निघतात. त्यात इंधनाचा धूर मिळवला की एक टन क्लिंकरमागे साधारण 800 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. माणसाच्या उद्योगातून जगभर निघणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. सिमेंट बनवण्यात चीननंतर आपला नंबर लागतो आणि आपले वर्षाचे उत्पादन 40 कोटी टनांच्या वर गेले आहे. घरे, रस्ते, धरणे बांधायची अजून बाकी असलेल्या देशाने सिमेंट वापरू नये असे म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून प्रत्येक गोणीतले क्लिंकर कमी करणे, हाच वाट काढण्यासारखा मार्ग आहे.

हे काम आपण करतच आलो आहोत. पीपीसी सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के औष्णिक केंद्रांची राख असते, स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याचा स्लॅग, म्हणजे लोखंड काढल्यावर उरणारी मळी, 25 ते 70 टक्क्यांपर्यंत चालतो. पण राख कोळशाच्या पाठोपाठ येते. कोळसा कमी जाळायचा असे आपण देश म्हणून ठरवत असू, तर तीस-चाळीस वर्षांनंतरचे सिमेंट राखेच्या भरवशावर सोडता येणार नाही.

महाराष्ट्रापुरता आणखी एक मुद्दा आहे. सिमेंटच्या भट्ट्यांना लागणारी चुनखडी आपल्याकडे मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात आहे. राजुरा, कोरपना, वणी या भागात क्लिंकर भाजायचे आणि ते रेल्वेने दूरच्या दळण्याच्या कारखान्यांपर्यंत न्यायचे, अशी रचना आहे. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली बेसाल्ट आहे, काळा कातळ. पुण्याजवळ वाघोली-लोणीकंद घ्या, मोशी घ्या, नाहीतर कुठल्याही जिल्ह्याच्या गावाबाहेरची खाण घ्या. पीठ तयार होते ते नेमके जिथे सिमेंट खपते तिथेच. त्यात 2025 मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचे धोरण आणले. नद्या वाचवायच्या तर ते आवश्यकच होते. पण वाळू दगडातून काढायची म्हटल्यावर पीठही वाढणार, आणि त्या पिठाचे काय करायचे याचा विचार वाळूच्या विचाराइतक्या गांभीर्याने व्हायला हवा.

आता खरी अडचण. बेसाल्ट ज्वालामुखीतून आला, रोमन लोक काँक्रीटमध्ये घालत ती इटलीतल्या पोत्सुओलीची राखही ज्वालामुखीतून आली. मग आपला दगड दळून घातला की काम झाले, असे अनेकांना वाटते. ते चुकीचे आहे. साखरेचा पाक सावकाश थंड होऊ दिला तर खडीसाखरेचे स्फटिक बनतात. तोच कडक पाक ताटात ओतून झटकन गार केला तर चिक्कीसारखी काच बनते. लाव्हाचेही तसेच आहे. हवेत उडालेली राख क्षणात थिजली आणि काच झाली. सह्याद्रीचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जाड प्रवाहांतून सावकाश थंड होत गेले, त्यामुळे आपला काळा दगड बहुतांशी स्फटिकांचा आहे. सिमेंट पाण्यात मुरताना जो चुना सुटतो, त्याच्याशी काचेतली सिलिका संयोग पावते आणि नवा बंध तयार होतो. स्फटिकात अडकलेली सिलिका जागची हलत नाही, हलली तरी अगदी थोडी.

आपल्या जुन्या गवंड्यांना हा फरक व्यवहारातून ठाऊक होता. वाड्याच्या भिंतीसाठी घाण्यात चुना मळताना ते सुरखी घालत, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. दगडाचा चुरा दाराशी ढिगाने पडलेला असायचा. त्यांनी तो चुन्यात वाळूच्या जागी वापरला, सुरखीच्या जागी वापरला नाही. चिकणमाती भाजल्यावर तिची स्फटिकी रचना मोडते आणि ती चुन्याशी संयोग पावायला तयार होते. याच तत्त्वावर आता एलसी3 नावाचे सिमेंट उभे राहिले आहे. त्यात निम्मे क्लिंकर, 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के न भाजलेली चुनखडीची भुकटी आणि बाकी जिप्सम असते. स्वित्झर्लंडमधील लोझानची संस्था, क्यूबाचे शास्त्रज्ञ आणि दिल्ली, मद्रास, मुंबई इथल्या आपल्या आयआयटी यांनी मिळून त्यावर काम केले. 2023 मध्ये आयएस 18189 हे त्याचे भारतीय मानकही आले. राजस्थानात किशनगडला संगमरवराच्या स्लरीचे पांढरे मैदान झाले आहे, लोक तिथे फोटो काढायला जातात. कॅल्साइट जातीच्या संगमरवराची भुकटी एलसी3मधल्या चुनखडीच्या जागी शोभेल, कारण ती मुळात चुनखडीच आहे. बेसाल्टचे पीठ तिथे तसे काम करणार नाही. प्रत्येक दगडाची भुकटी एकच समजून सरसकट 'खनिज भुकटी' या नावाखाली मान्यता देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मग बेसाल्टच्या पिठाचा उपयोग काय? उपयोग आहे. सिमेंटइतके किंवा त्याहून बारीक दळलेले पीठ कणांमधल्या पोकळ्या भरते आणि त्याच्या पृष्ठभागावर सिमेंटचे नवे स्फटिक धरायला जागा मिळते, त्यामुळे सुरुवातीचे मुरणे थोडे वेगाने होते. पाच-दहा टक्क्यांपर्यंत हा फायदा क्लिंकर कमी केल्याचा तोटा बराचसा भरून काढतो. पुढे गेलात की दर टक्क्यामागे ताकद उतरत जाते, आणि वीस-तीस टक्के घालूनही काही फरक पडत नाही असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे 90 दिवसांचे निकाल मागावेत. 'फक्त भराव' म्हणून या उपयोगाला कमी लेखायचे कारण नाही. अमेरिकेत 5 ते 15 टक्के चुनखडीची भुकटी घातलेले सिमेंट आता सर्रास वापरले जाते. युरोपच्या मानकात चुनखडीसाठी 20 टक्क्यांपर्यंतचा एक आणि 35 टक्क्यांपर्यंतचा दुसरा असे वर्ग आहेत. चुनखडीची रासायनिक मदत थोडी अधिक मिळते, म्हणून बेसाल्टसाठी मर्यादा तिच्यापेक्षा खाली ठेवावी. माझ्या मते सुरुवात दहा टक्क्यांच्या आत व्हावी.

दहा टक्के म्हणजे किती, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. एक टन सिमेंटमधले शंभर किलो क्लिंकर वाचले तर ऐंशी-नव्वद किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. तेवढे पीठ दळायला फार तर चार युनिट वीज लागेल, तिचा कार्बन तीन-चार किलो. गाळ भट्टीत वाळवायचा ठरवला तर इंधन जाईल, पण महाराष्ट्रात वर्षातले सात-आठ महिने ऊन फुकट असते. शिवाय रेडीमिक्स प्लांट जवळ असेल तर गाळ वाळवायचीच गरज नाही. घनता मोजून तो मिसळण्याच्या पाण्यातूनच घालता येतो. लहान शहराजवळच्या क्रशर पट्ट्यासाठी मला हाच मार्ग सगळ्यांत व्यवहार्य वाटतो.

पण हा हिशेब एका क्षणात उलटू शकतो. कारखान्याने पीठ घातले आणि क्लिंकरऐवजी राख कमी केली, तर पर्यावरणाला छटाकभर फायदा नाही. उलट चुन्याशी संयोग पावणारा पदार्थ गेला आणि न पावणारा आला. म्हणून नियम 'किती भुकटी घातली' यावर लिहू नका. 'किती क्लिंकर उरले आणि त्यातून किती ताकद मिळाली' यावर लिहा. दुसरी पळवाट बांधकामाच्या जागेवर आहे. माल हाताला कमी चिकट लागला, स्लॅब दुसऱ्या दिवशी कच्चा वाटला, की मिस्त्री पुढच्या वेळी एक गोणी जास्त ओततो. त्या एका गोणीत वाचवलेला सगळा कार्बन परत जातो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. दगडाची भुकटी सिमेंटमध्ये आजही जाते. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या अधूनमधून येतात: गोदामात नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या गोण्या, शेजारी दगडाच्या पावडरीचा आणि राखेचा ढीग, शिवणाचे यंत्र. रंग सारखा, बारीकपणा सारखा, वजन पुरेपूर 50 किलो. ज्याच्या घरात ते सिमेंट जाते त्याला काही वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना प्लास्टर भसाभस गळते तेव्हा कळते, आणि तोवर दाद मागायची जागा उरलेली नसते. प्रयोगशाळेत ज्याला तंत्रज्ञान म्हणतात आणि गोदामात ज्याला भेसळ म्हणतात, तो पदार्थ एकच आहे. मोजमाप, चाचणी आणि उघडपणा, एवढाच काय तो दोन्हींतला फरक. त्यामुळे 'टाकाऊ दगडापासून सिमेंट' अशा उत्साही मथळ्यांची मला काळजी वाटते. मानक येण्याआधी मथळा आला की भेसळ करणाऱ्याला आयते समर्थन मिळते. 'साहेब, हे तर आता शास्त्रज्ञही सांगतात.'

काही अभियंते म्हणतात, एवढी जोखीम घ्यायचीच कशाला? डस्ट तर पेव्हर ब्लॉकला, भरावाला जातेच. हे अर्धेच खरे आहे. डस्टमधला जाडसर भाग विकला जातो. 75 मायक्रॉनच्या चाळणीतून खाली उतरणाऱ्या पिठाला गिऱ्हाईक नसते, आणि आयएस 383 हे मानक क्रश सँडमध्ये या पिठाला 15 टक्क्यांपर्यंतच मुभा देते. म्हणजे ते वाळूतून धुऊन काढावेच लागते. तरी या अभियंत्यांच्या शंकेत एक फार मोलाचा मुद्दा आहे आणि तो मला आपल्याकडच्या चर्चांत क्वचित दिसतो. सगळे पीठ ताज्या दगडाचे नसते. खाणीचा वरचा थर कुजलेला असतो, मुरूम असतो, मधूनमधून लाल मातीचे पट्टे असतात. बेसाल्ट कुजला की त्यातून तीच फुगणारी चिकणमाती तयार होते जी आपल्या काळ्या रानात असते, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हातभर भेगा. वाळू धुताना ही माती नेमकी गाळात जमा होते. दोन-चार टक्के जरी आली तरी ती काँक्रीटचे पाणी पिते, प्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट सैल ठेवणारे रसायन) खाऊन टाकते आणि मिस्त्रीला जास्तीचे पाणी ओतायला भाग पाडते. जास्तीचे पाणी म्हणजे ठिसूळ काँक्रीट.

हे ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मिथिलिन ब्लू नावाच्या निळ्या रंगाची चाचणी आहे. भुकटी पाण्यात ढवळायची, थोडा थोडा निळा द्राव सोडायचा आणि दरवेळी त्याचा एक थेंब गाळणीच्या कागदावर ठेवायचा. माती जितकी जास्त, तितका रंग ती गिळत जाते. थेंबाभोवती फिकट निळे कडे उमटून टिकेपर्यंत किती द्राव लागला, ते लिहून ठेवायचे. तालुक्याच्या गावी, पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत, सायन्स शाखेतून बारावी झालेला मुलगाही शिकवल्यावर ही चाचणी करू शकेल. गाळाच्या प्रत्येक खेपेला ही चाचणी सक्तीची करा. तिच्या जोडीला बारीकपणा मोजा आणि 28 व 90 दिवसांचे ठोकळे फोडा. राखेसाठी आपल्या मानकात हे सगळे आहे. लागणारा बारीकपणा, चुन्याशी संयोगाची किमान मर्यादा, साध्या सिमेंटच्या तुलनेत किमान 80 टक्के ताकद, असे आकडे तिथे लिहिलेले आहेत. दगडाच्या पिठासाठी संयोगाची अट अर्थात वेगळी ठेवावी लागेल. पण कोरा कागद ठेवून चालणार नाही.

पहिला ग्राहक सरकारने व्हावे. सार्वजनिक बांधकाम विभागाने आधी कर्बस्टोन, पेव्हर ब्लॉक, पायाखालचे कोरडे पीसीसी (सळई नसलेले काँक्रीट), गटारांची झाकणे अशा कामांत हे सिमेंट वापरावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत या सिमेंटच्या काँक्रीटमधली सळई किती तग धरते हे वेगळे तपासावे. आकडे संकेतस्थळावर टाकावेत, बिघडलेल्या कामांचे सुद्धा.

घरकुलांपासून मात्र सुरुवात करू नये. स्वस्त म्हणून नवे साहित्य गरिबाच्या घरावर आधी आजमावायचे आणि मग मंत्रालयात न्यायचे, ही सवय आपल्याला आहे. ज्याच्याकडे पुन्हा बांधायला पैसा नाही त्याच्या छतावर प्रयोग होता कामा नये. इथे पाण्याचाही प्रश्न येतो. आयएस 456 साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायला सांगते आणि मिश्र सिमेंटला दहा. कोरड्या, उष्ण हवेत हेच दहा आणि चौदा होतात. मराठवाड्यात एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत उभी राहणारी बाई स्लॅबवर आळी बांधून चौदा दिवस पाणी कुठून साठवणार? पाण्याअभावी क्युरिंग अर्धवट राहिले की कमी क्लिंकरच्या सिमेंटची ताकद आधी मार खाते. मुंबई-पुण्यातल्या बांधकामाला जे सिमेंट चालेल ते गेवराईच्या घरकुलाला चालेलच असे नाही, आणि हे गोणीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे.

पर्यावरणवाल्या मित्रांची हरकत वेगळी आहे. गाळाला भाव आला तर गाळासाठी डोंगर फोडतील, असे ते म्हणतात. ही भीती पोकळ नाही. गौण खनिजाच्या नावाखाली टेकड्या गेलेल्या आपण पाहिल्या आहेत. त्यावर तोड हिशेबात आहे. क्रशरने किती डबर घेतला, किती खडी आणि वाळू विकली, हे वाहतूक पासातून आणि रॉयल्टीतून तहसीलदारांकडे नोंदले जाते, निदान जावे अशी व्यवस्था आहे. त्याच नोंदीत गाळाचा रकाना घाला. विकलेल्या वाळूच्या ठराविक टक्क्यापेक्षा जास्त पीठ कोणी विकत असेल तर त्याने मुद्दाम दगड दळला आहे. त्याला सवलत नको, दंड हवा. जुने साचलेले गाळ उचलणाऱ्याला मात्र रॉयल्टी पूर्ण माफ करावी, कारण त्या दगडाची रॉयल्टी एकदा भरून झालेली आहे.

आणि क्रशरवरच्या माणसांचे काय? बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा पुष्कळ कमी असते, म्हणून सिलिकोसिसचा धोका तुलनेने कमी. पण फुप्फुसात जाणारी कुठलीही बारीक धूळ निरुपद्रवी नसते, आणि आज ओल्या गाळात बसून असलेले पीठ उद्या वाळवून, दळून, गोण्यांत भरायचे म्हणजे ती धूळ पुन्हा हवेत आणणे आहे. चेहऱ्याला उपरणे गुंडाळून फावडे मारणाऱ्या मजुरावर हे काम टाकायचे असेल तर माझा विरोध आहे. बंद गिरण्या, धूळ शोषणारे पंखे, दर वर्षी छातीची तपासणी, हा खर्च भुकटीच्या भावात पहिल्या दिवसापासून धरावा. तो धरल्यावरही ती क्लिंकरपेक्षा स्वस्त पडेल, असा माझा अंदाज आहे. नाही पडली, तर तेवढा फरक सरकारी निविदेत मान्य करावा, जसा आपण इतर अनेक गोष्टींसाठी करतो.